छर्‍याचा पल्ला आणि महिदपूरचे गोलंदाज

सभेत एखादा वक्ता कोणाचीही भीड न ठेवता बोलू लागला की आपण सहज म्हणतो, "ही तर मुलुखमैदान तोफ!" हा वाक्प्रचार ज्या तोफेवरून आला ती तोफ विजापूरच्या बुरुजावर आजही आहे. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती अहमदनगरात ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन, आणि तोंड एवढे रुंद की त्यात माणूस बसू शकतो. सिंहाने हत्तीला जबड्यात धरले आहे, असे तिच्या तोंडावर कोरले आहे.

या तोफेची एक गोष्ट दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १५६५ च्या जानेवारीत विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांनी जी लढाई दिली, तिला आपण तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणतो. त्या लढाईत हिच्या तोंडात गोळ्याऐवजी तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरून बार काढला, अशी ती गोष्ट. ती हीच तोफ होती की दुसरी, हा वाद बाजूला ठेवू. इतिहासकार फेरिश्ता याने मात्र हुसेन निजामशाहाच्या तोफखान्याबद्दल स्पष्ट लिहून ठेवले आहे. चलबी रूमीखान या तोफखान्याच्या प्रमुखाने सहाशे लहानमोठ्या तोफा तीन रांगांत उभ्या केल्या होत्या आणि शत्रू अगदी अंगावर येईल त्या वेळेसाठी तांब्याच्या पैशांच्या थैल्या तयार ठेवल्या होत्या. विजयनगरचे सैन्य तोफांना भिडले आणि त्या थैल्या सुटल्या. तोफांच्या तोंडाशीच पाच हजारांवर माणसे पडली, असे तो लिहितो.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दारूगोळ्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आपल्यापैकी बहुतेकांची घराणी माळव्यात आली ती शिंदे-होळकरांच्या फौजांच्या मागोमाग. कोणी फडणिशी सांभाळायला आले, कोणी देवघर, कोणी कमाविशी. पण वाट मोकळी करणारे पुढे होते, आणि त्यांतही सर्वांत कमी नाव ज्यांच्या वाट्याला आले ते म्हणजे तोफेपाशी उभे राहणारे गोलंदाज. एका बारात अनेक गोळ्या उडवणार्‍या या मार्‍याचा इतिहास पाहिला की गोलंदाजाचे काम काय होते ते कळते. आणि त्याचा माळव्यातला सर्वांत मोठा प्रसंग आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच क्षिप्रेच्या काठी घडला आहे.

एक गोळा की शंभर गोळ्या?

तोफेतून सुटणारा भरीव गोळा लांब जातो. हजार-बाराशे पावलांवरही तो रांग फोडतो, भिंत पाडतो, जमिनीवर आपटून पुन्हा उसळतो आणि पुढे जातो. पण तो जातो एका रेषेत. त्या रेषेत जो सापडला तो गेला, हातभर बाजूला असलेला वाचला. माणसांचा लोंढा पसरून अंगावर येऊ लागला की एकच गोळा पुरत नाही. मग तेवढ्याच वजनाचे लहान लहान तुकडे एकदम उडवायचे. नळीतून बाहेर पडताच ते पाण्याच्या फवार्‍यासारखे पसरतात. नेम धरायची गरज उरत नाही. समोरच्या पट्ट्यात जो असेल त्याला काही ना काही लागतेच.

ही कल्पना तोफेइतकीच जुनी आहे. तोफ धड तोफ झाली नव्हती तेव्हा चीनमध्ये भाल्याला दारूची नळी बांधत, आणि त्या दारूत लोखंडाचे तुकडे व चिनीमातीच्या खापर्‍या मिसळत. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा तटावरचे लोक अक्रोडाएवढ्या शिशाच्या गोळ्या एका बारात पाच-पाच, दहा-दहा भरून उडवत. इंग्लंडच्या किनार्‍याजवळ १५४५ साली बुडालेले मेरी रोज हे जहाज अलीकडे वर काढले. त्यात आखूड लोखंडी हातबंदुका निघाल्या, त्या सारीपाटाच्या फाशांसारखे लोखंडाचे चौकोनी तुकडे उडवण्यासाठी होत्या. आपल्याकडे रुंद तोंडाच्या आखूड बंदुकीला शेरबच्चा म्हणत. तिच्यातही एकाहून अधिक गोळ्या भरत.

सुरुवातीला हाताला येईल ते भरत, म्हणजे खिळे, नालांचे तुकडे, साखळीच्या कड्या, गारगोट्या. त्यात दोन अडचणी होत्या. एक, तुकडे सारखे नसल्याने ते वेडेवाकडे उडत. दुसरी, पंचधातूची तोफ लोखंडाहून मऊ, तिच्या नळीला आतून चरे पडत, आणि अशी नळी पुढे भरवशाची राहत नाही. यावर दोन उपाय निघाले. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या तबकडीवर मध्ये खुंटी, तिच्याभोवती मोठ्या गोळ्या रचून वरून कापडाची पिशवी आणि दोरीची घट्ट बांधणी, हा पहिला. ही पोटली द्राक्षाच्या घडासारखी दिसे म्हणून इंग्रजांनी तिला ग्रेप, म्हणजे द्राक्ष, असेच नाव दिले. दुसरा उपाय पत्र्याच्या डब्याचा. डब्यात गोळ्या रचायच्या, मधल्या फटींत लाकडाचा भुसा भरायचा आणि झाकण लावायचे. तोफ उडताच डबा फाटे आणि गोळ्या पसरत. आपल्याकडे या सगळ्याला मिळून छर्रा म्हणत.

आता थोडा हिशेब करू. त्या काळच्या इंग्रजी कोष्टकाप्रमाणे सहा पौंडी तोफेच्या भारी डब्यात ४१ गोळ्या असत आणि हलक्या डब्यात ८५. छर्‍याचा खरा परिणाम तीनशे यार्डांच्या आतला. चालून येणारे पायदळ मिनिटाला ऐंशी-नव्वद यार्ड चालते. म्हणजे छर्‍याच्या टप्प्यात शिरल्यापासून तोफेला हात लावेपर्यंत त्याला साधारण साडेतीन मिनिटे लागतात. चांगले गोलंदाज मिनिटाला दोन बार काढत. म्हणजे एका तोफेचे सहा-सात बार, आणि भारी डबा धरला तरी अडीचशे ते तीनशे गोळ्या.

हा हिशेब कागदावर सोपा वाटतो. त्याची दुसरी बाजू अशी की गोळा उडवणारा गोलंदाज शत्रूपासून दूर असतो, धोका दिसला तर त्याला निघून जाता येते. छर्रा उडवायचा तर शत्रूला जवळ येऊ द्यावे लागते. त्याचे चेहरे दिसू लागतात, संगिनी दिसू लागतात, त्याच्या बंदुकीची गोळी आपल्यापर्यंत पोचू लागते. आणि त्याच वेळी पुसणे, दारू घालणे, डबा ठासणे, बत्ती देणे हे सगळे क्रमाने, हात न कापता करायचे. पाच-सात जणांपैकी एक जरी जागा सोडून गेला तर तोफ गप्प. शेवटचा बार हुकला तर दुसरी संधी नाही. म्हणून छर्‍याची खरी ताकद पत्र्याच्या डब्यात नव्हती. ती साडेतीन मिनिटे जागेवर राहणार्‍या माणसांत होती.

महादजींचा तोफखाना

मराठी फौजेत तोफा शिवकाळापासून होत्या. पेशव्यांचा तोफखाना पुढे सरदार पानसे यांच्याकडे होता. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी काय केले ते सर्वश्रुत आहे. पण कवायती पायदळ आणि त्याच्या जोडीने चालणार्‍या हलक्या तोफा ही घडी महादजी शिंद्यांनी बसवली. १७८४ साली त्यांनी द बॉयन या अधिकार्‍याला चाकरीत घेतले. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. दारूगोळा, गाडे, बैल, लोहार, सुतार असा सगळा संसार त्यांच्यामागे उभा राहिला.

या घडीची परीक्षा १० सप्टेंबर १७९० रोजी मारवाडात मेडत्याला झाली. राठोडांचे घोडदळ शौर्यात कोणाला हार जाणारे नव्हते. पहाटेच्या हल्ल्यात पुढे घुसलेल्या एका तुकडीवर ते तुटून पडले आणि मग मुख्य पलटणींवर चारही बाजूंनी आले. द बॉयनने पलटणींचा पोकळ चौकोन केला. घोडे जवळ येऊ दिले आणि मग छर्रा सोडला. राठोड पुन्हा पुन्हा आले आणि पुन्हा पुन्हा पडले. त्या दिवशी जिंकलेल्यांचा अभिमान बाळगताना पडलेल्यांपुढेही मान लववावी, असा तो प्रसंग आहे. घोडा आणि भाला यांचे युग संपत आल्याची ती खूण होती.

पुढे हीच शस्त्रे आपसांत वळली. उज्जैन तेव्हा शिंद्यांची राजधानी होती. १८१० साली दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, तोवर ती इथेच होती. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणी गाठल्या. हेसिंग नावाचा युरोपीय अधिकारी त्यांचा प्रमुख होता. पलटणींचा धुव्वा उडाला, त्यांचे बहुतेक युरोपीय अधिकारी मारले गेले किंवा पकडले गेले आणि तोफा होळकरांच्या हाती गेल्या. तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, इंदूरजवळ शिंद्यांनी त्याचे उट्टे काढले. तेव्हा होळकरांच्या तोफा गेल्या आणि इंदूर लुटले गेले. दोन्ही बाजूंना गोलंदाज आपलेच होते. आपल्या गावातल्या तोपखान्यावरून जाताना हेही आठवावे.

असई आणि लासवाडी

दोनच वर्षांनी त्या तोफांपुढे इंग्रज उभे राहिले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असई गावापाशी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चाल केली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. शिंद्यांच्या पायदळाची सूत्रे पोलमान या हॅनोवरच्या माणसाकडे होती आणि रांगेत शंभराच्या आसपास तोफा होत्या. इंग्रजांच्या उजव्या बगलेची तुकडी वाट चुकून असई गावाच्या फार जवळ गेली. तिच्या मागोमाग चौर्‍याहत्तरावी हायलँडर पलटणही गेली आणि छर्‍याच्या टप्प्यात सापडली. पाचशेच्या आसपास माणसांच्या त्या पलटणीत जवळजवळ चारशे मेले किंवा जखमी झाले. इंग्रजांच्या त्या दिवशीच्या एकंदर हानीचा आकडा १,५८४ आहे.

असईचा दुसरा प्रसंग त्याहून विलक्षण आहे. इंग्रजी पलटणी तोफांची रांग ओलांडून पुढे गेल्या. गाड्यांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्या शत्रूच्या पाठीवर बार काढले. त्यांना पुन्हा गप्प करण्यासाठी वेलस्लीला स्वतः पलटण आणि घोडदळ घेऊन मागे यावे लागले. वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने उतारवयातही आपल्या लढायांत असईचे नाव सर्वांत वर ठेवले.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अलवारजवळ लासवाडीला तेच घडले. शिंद्यांच्या उत्तरेकडच्या फौजेचे फ्रेंच अधिकारी तोवर सोडून गेले होते. मोठ्या पगारावर आणलेले निघून गेले, थोड्या पगारावरचे राहिले. सेनापती लेकने आपल्या पत्रात या गोलंदाजांची तारीफ केली आहे. संगिनीने मारले जाईपर्यंत त्यांनी तोफा सोडल्या नाहीत, असे तो लिहितो. शत्रूने लिहिलेले आहे, म्हणून त्यावर अधिक भरवसा ठेवायला हरकत नाही.

महिदपूर, २१ डिसेंबर १८१७

आता आपल्या घराजवळ येऊ. उज्जैनच्या उत्तरेला, याच जिल्ह्यात, महिदपूर. १८१७ च्या डिसेंबरात होळकरांचा दरबार आणि फौज तिथे होती. यशवंतराव सहा वर्षांपूर्वी वारले होते. गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव, कारभार तुळसाबाईंच्या हाती, आणि दरबारात दोन तट. एकाला इंग्रजांशी तह हवा होता, दुसर्‍याला लढाई. सर थॉमस हिस्लॉप आणि सर जॉन माल्कम यांच्या फौजा उज्जैनला येऊन एकत्र झाल्या आणि क्षिप्रेच्या कडेकडेने पुढे निघाल्या. तहाची बोलणी चालू असतानाच, लढाईच्या आदल्या दिवशी, तुळसाबाईंना त्यांच्याच लष्करातल्या लोकांनी नदीकाठी नेऊन मारले. असे दुभंगलेले लष्कर दुसर्‍या दिवशी लढायला उभे राहिले.

जागा मात्र नामी निवडली होती. समोर क्षिप्रेचे पात्र, उतार मोजकाच, आणि पलीकडे काही अंतरावर साठाहून अधिक तोफांची रांग, तिचे नेतृत्व रोशनबेगकडे. इंग्रजांची लढाऊ फौज साडेपाच हजारांच्या आसपास होती. तिने नदी उतरून हलक्या तोफा पुढे आणल्या. होळकरांच्या तोफांनी त्या बघता बघता निकामी केल्या. मग हिस्लॉपपुढे एकच मार्ग उरला. तोफांच्या तोंडावर सरळ पायदळ घालायचे.

म्हणजे वर केलेला साडेतीन मिनिटांचा हिशेब. आधी गोळे आले, मग टप्प्यात येताच छर्रा. माल्कमच्या हाताखालच्या मद्रासी पलटणी आणि तिथल्या रायफलवाल्यांची तुकडी यांनी तो मारा अंगावर घेतला. होळकरांचे घोडदळ लवकरच मैदान सोडून निघाले, त्यानंतर पायदळही फुटू लागले. तोफांमागे आता कोणी उरले नव्हते. तरी तोफा चालू होत्या. इंग्रज लेखकच सांगतात की गोलंदाज शेवटपर्यंत तोफेपाशी राहिले आणि तिथेच संगिनींनी मारले गेले. इंग्रजांचे १७४ मेले आणि ६०४ जखमी झाले. साडेपाच हजारांत पावणेआठशे, म्हणजे सातांत एक. विस्कळीत दरबाराच्या, सरदारांनी अर्ध्यात सोडलेल्या फौजेने एवढे केले ते मुख्यतः तोफांच्या जोरावर.

निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. सातपुड्यापलीकडचा मुलूख गेला, दरबारात इंग्रज रेसिडेंट आला, राजधानी इंदूरला स्थिरावली. पठाण पक्षाचा पुढारी गफूरखान याला तहाने जावर्‍याची जहागीर पक्की झाली. कारभारी कारभारात राहिले, सरदारांना काही ना काही मिळाले. गोलंदाजांना काय मिळाले, याबद्दल तहात कलम नाही.

नावे कोणाची राहिली

इंग्रजांनी पुढे १८५१ साली हिंदुस्थानातल्या जुन्या लढायांसाठी एक पदक काढले. त्याच्यावर लढाईच्या नावाची पट्टी असे, आणि त्या पट्ट्यांत असई आहे, लासवाडी आहे, महिदपूरही आहे. म्हणजे ज्यांनी छर्‍याचा मारा सोसला त्यांच्या छातीवर आपल्या गावाचे नाव लागले. ज्यांनी तो मारा केला त्यांची नावे कुठेच नाहीत.

याला एक कारण आहे, ते मोकळेपणाने सांगावे. गोलंदाज सर्व जातिधर्मांचे होते. कोणी पुरबी, कोणी मुसलमान, कोणी मराठी, कोणी इथला माळवी. वतनदार घराण्यांनी आपापल्या बखरी आणि वंशावळी जपल्या. तोफेपाशी ठासणी धरणार्‍याची वंशावळ लिहून ठेवणार कोण? आणि तो पळाला असता तर निदान घरी जाऊन सांगणारा तरी कोणी उरला असता. त्याचे काम असे होते की नीट केले तर सांगणाराच उरत नाही. घोड्यावर बसलेल्याचे पुतळे होतात, ते योग्यच आहे. पण इतिहास सांगताना आपण "शिंद्यांनी जिंकली", "होळकरांनी हरली" एवढ्यावर थांबतो. हरलेल्या लढाईतही काही माणसे हरली नव्हती, हे मुलांना सांगायचे राहून जाते.

अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप दिला की लगेच पितृपक्ष लागतो. त्याची चतुर्दशी शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी राखलेली आहे. आपल्याकडे माधवनगरातून बरीच मंडळी त्या पंधरवड्यात सिद्धवटावर आणि रामघाटावर जातात. तर्पणात ज्यांचे नाव-गोत्र ठाऊक नाही, ज्यांना पाणी देणारे कोणी नाही, त्यांनाही एक ओंजळ देण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी घालून दिली आहे. यंदा ती ओंजळ देताना महिदपूरच्या गोलंदाजांची आठवण ठेवावी. त्यांतल्या ज्याला तर्पण चालत नसेल त्याच्यासाठी मनात दुवा म्हणावी. क्षिप्रा सिद्धवटावरून उत्तरेला वाहते आणि पुढे महिदपूरच्या त्याच उतारावरून जाते. आपण सोडलेले पाणी तिथे पोचतेच.